मोहोड काका आणि अकोल्याला न पोचणारा आवाज

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. माणसांवर लिहायचं ते पुष्कळ माणसं पाहिलेल्यांनी. मी नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका लहान गावचा, अमरावतीला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घराण्यात आजवर झालेलं सगळ्यात मोठं लेखन म्हणजे गावची विजेची डीपी जळाली तेव्हा बाबांनी केलेला अर्ज. तो साडेपाच ओळींचा होता आणि त्यातली अर्धी ओळ 'आपला विश्वासू' ही होती. डीपी दोन महिन्यांनी आली. त्यामुळे लिहिण्यात काही ताकद असते यावर आमच्या घरात फारसा कोणाचा विश्वास नाही.

तरी लिहितो आहे, कारण मोहोड काकांबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे, आणि त्यांच्या ओळखीतले जे लिहू शकतात ते त्यांच्याशी बोलत नाहीत. न बोलण्याचं कारण सोपं आहे. मोहोड काका माणसाचं बोलणं ऐकण्याआधी त्याला गुण देतात.

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत मी खोली शोधत फिरत होतो. एका जिन्याखाली एक गृहस्थ बनियनवर बसून तांब्याची तार सरळ करत होते. मी म्हटलं, "काका... वरची खोली... म्हणजे... भाड्याने..."

वर न पाहता ते म्हणाले, "तीन-दोन."

मला वाटलं, वर तीन खोल्या आहेत आणि त्यातल्या दोन रिकाम्या आहेत. मी म्हटलं, "मला एकच पाहिजे."

"अबे, तुह्या आवाजाचं सांगून राहिलो मी. समज पाचपैकी तीन, ताकद नऊपैकी दोन. पोटातून बोल. काय पायजे?"

"खोली!" मी ओरडलो.

"आता कसं! पाच-आठ. खोली नाई भेटत." मग तार खाली ठेवून म्हणाले, "सामान कवा आनतं?"

ही रेडिओवाल्यांची रीत आहे, हे मला नंतर कळलं. काका हौशी रेडिओवाले आहेत. म्हणजे सरकारी परवाना काढून, स्वतःच्या हातानं यंत्र बांधून, गच्चीवर तार ताणून, दूरच्या तशाच माणसांशी बोलायचं. समोरच्याचा आवाज कसा आला हे तिथे दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा बोलणं किती समजलं त्याचा, दुसरा आवाज किती जोरात आला त्याचा. पाच-नऊ म्हणजे मांडीला मांडी लावून बोलल्यासारखं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या काकांना ही सवय इतकी लागली आहे की ती यंत्राबाहेर सांडते. दारावर येणारी भाजीवाली मावशी पाच-नऊ. बँकेच्या खिडकीमागचा बाबू एक-एक, "आन त्याच्यातही मंधात काच". एकदा वॉर्डातले पुढारी मत मागायला आले आणि पंधरा मिनिटं विकासावर बोलले. काकांनी शेवटी हात जोडले. "साहेब, ताकद नऊ, समज एक." पुढाऱ्यांना त्यातलं नऊच ऐकू आलं. ते खूश होऊन गेले.

पण सगळ्या जगाला गुण देणारे काका स्वतः मात्र एकाच माणसाकडून गुण घ्यायचे. तो माणूस अकोल्याच्या अकोट फैल वस्तीत राहतो. त्यांचं नाव बशीरभाई. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता खाली दुकानात त्यांचा नातू मोबाइलच्या काचा बदलतो आणि वरच्या खोलीत बशीरभाई आपल्या काचेच्या नळ्यांच्या जुन्या यंत्रासमोर बसतात. रोज सकाळी साडेआठला बडनेरा आणि अकोला हवेतून भेटतात. कित्येक वर्षं हे चाललं आहे. मध्ये ऐंशी-नव्वद किलोमीटर. गाडीत बसलं तर माणूस दोन तासांत पोचतो, पण दोघं कधी गाडीत बसत नाहीत. काका म्हणतात, "तोंड पाहून मानूस खोटं बोलते. हवेत खोटं बोलाले जागा नाई."

तर या बशीरभाईंचे गुण गेल्या दीड वर्षापासून उतरत चालले होते. पाच-नऊचे चार-सहा झाले, चार-सहाचे तीन-तीन. मी राहायला आलो तेव्हा ते दोन-दोनवर आले होते. रोज सकाळी माझ्या खोलीच्या खालून बशीरभाईंचा गडगडाट ऐकू यायचा. "मोहोड! आवाज पतला हो गया तेरा! क्या लगाया है मशीन में?"

काकांचा हिशेब सरळ होता. बशीरचा आवाज आपल्याला खणखणीत येतो, उलट पहिल्यापेक्षा जास्तच येतो. म्हणजे बशीरचं यंत्र ठीक, हवा ठीक, आपली तार ठीक. आपला आवाज बशीरला जात नाही. म्हणजे आपलंच यंत्र कमजोर. यात चूक कुठे आहे ते मला त्या वेळी सापडलं नाही, आणि मला त्या विषयात फर्स्ट क्लास आहे.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, पण जालन्याचे, नागपूरचे, हैदराबादचे सगळे तुम्हाला पाच-नऊ देतात."

"थे लोक?" काका म्हणाले. "त्यायच्या रेडिओत कुत्रं भुकलं तरी पाच-नऊ देतात. वरतून धन्यवाद म्हनतात. बापा, या हिंदुस्थानात खरा रिपोर्ट देनारा एकच मानूस उरला, थो बशीर. त्याले मी ऐकू गेलो पायजे. बाकी दुनिया गेली तेल लावत."

एवढंच. निवृत्त माणसाला काशीला जायचं असतं, मुलाकडे पुण्याला जायचं असतं. काकांना मुलं नाहीत आणि त्यांचा आवाज फक्त अकोल्यापर्यंत जायला हवा होता. त्यासाठी त्यांनी गॅलियम धरलं.

इथे थोडं तांत्रिक लिहितो. रेडिओच्या यंत्रात आवाजाला जोर देणारा शेवटचा भाग ट्रान्झिस्टरचा असतो. आजवर तो सिलिकॉनचा असायचा. आता गॅलियम नायट्राइड आणि सिलिकॉन कार्बाइड अशी नवी जात निघाली आहे. आकारानं तांदळाच्या दाण्याएवढी, पण विजेचा जास्त दाब सोसते, जास्त तापली तरी डगमगत नाही आणि उघडझाप इतक्या चपळाईनं करते की सिलिकॉननं तोंडात बोट घालावं. हे मला आमच्या कॉलेजात कळलेलं नाही. काकांनी सांगितलं ते असं:

"पाह्य, बशीरची काचेची नळी म्हनजे म्हातारा बैल. उठाले पाच मिनिटं लागतात, पन लाथ नाई मारत. सिलिकॉन म्हनजे रोजच्या वखराचा बैल. आन हे गॅलियम म्हनजे खोंड! अंगानं लहान, कामाले वाघ. पन कासरा हातात नसला न, त गोठा घेऊन पळते."

हा कासरा म्हणजे उणे दाब. काकांकडच्या जातीचं गॅलियम जन्मतःच उघडं असतं. त्याच्या एका पायाला आधी उणे वीज देऊन त्याला आवरून धरायचं, आणि मगच दुसऱ्या पायाला अधिक वीज सोडायची. बंद करताना उलट. हा क्रम एका निमिषानं चुकला तरी ट्रान्झिस्टर जागच्या जागी मरतो. म्हणून काकांनी भिंतीवर लाल अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'पहिले मायनस, मंग प्लस.'

आणि हेच त्यांचं जगण्याचंही सूत्र. कोणतीही गोष्ट विचारा, पहिले मायनस. पुतण्याच्या लग्नाला येता का? "नाई." आणि लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात सगळ्यात आधी हजर, हातात सूटकेस आणि एक मल्टिमीटर. चहा घेता का? "नाई." आणि कप पुढे. सुमनकाकूंना पाहायला गेले तेव्हाही मुलीच्या वडिलांनी पसंती विचारल्यावर काका आधी "नाई" म्हणाले होते. पडद्याआडून काकू म्हणाल्या, "बरं झालं, मलेही नाई." काकांना घाम फुटला. पुढचं प्लस काढायला त्यांना तीन आठवडे आणि दोन मध्यस्थ लागले. तेव्हा गॅलियम नव्हतं. माणूस मात्र तयार होता.

सुमनकाकूंना मी पाहिलेलं नाही. मी राहायला येण्याच्या तीन महिने आधी त्या गेल्या. मी त्यांना ओळखतो ते त्यांच्या तव्यामुळे. तांदळाएवढा ट्रान्झिस्टर साध्या सोल्डरिंग आयर्ननं जोडता येत नाही, त्याचे पाय खाली पोटाशी असतात. मोठ्या कारखान्यात त्याला भट्टी असते. काकांकडे तवा होता. सर्किटच्या पट्टीवर कथलाचा लेप लावायचा, वर चिमट्यानं ट्रान्झिस्टर ठेवायचा, आणि गॅसवर तवा मंद तापवत बसायचं. कथील चमकलं की झालं. काकूंच्या वेळी सिलिकॉनची लहान कामं काका पोळीच्याच तव्यावर करायचे. एक दिवस काकूंनी बाजारातून दुसरा तवा आणला, त्याच्या मुठीला लाल चिंधी बांधली आणि सांगितलं, "हा तुमचा. याच्यावर तुमी काही भाजा, खा नका फक्त." अजूनही काका पोळीच्या तव्यावर काम करत नाहीत. पोळ्याही करत नाहीत. डबा येतो.

गॅलियमचं वेड लागल्यावर काकांना ते सगळीकडे दिसू लागलं. पुतण्या पुण्याहून दोन दिवस आला. त्याच्याकडे मोबाइलचा नवा चार्जर होता, बोटभर लांबीचा, आणि त्यावर बारीक अक्षरात गॅलियमचा उल्लेख होता. पुतण्या अंघोळीला गेला. तो डोकं पुसत बाहेर आला तेव्हा चार्जर वर्तमानपत्रावर उघडा पडला होता आणि काका भिंगातून पाहत होते.

"काका! काय केलं हे?"

"लेका, एवढं चांगलं खोंड, आन तू मोबाइल चाराले लावलं त्याले!"

शेजारच्या घरावर सौर वीज आली. तिच्या पेटीत सिलिकॉन कार्बाइड आहे असं काकांना कळलं. ते रोज संध्याकाळी कुंपणापाशी उभं राहून त्या पेटीकडे इतक्या प्रेमानं पाहू लागले की शेजाऱ्यांनी आठ दिवसांत कॅमेरा बसवला.

एकदा मी त्यांना आमच्या कॉलेजात व्याख्यानाला नेलं. हा माझ्या आयुष्यातला पहिला पुढाकार आणि बहुतेक शेवटचा. आमच्या विभागात नवीन इलेक्ट्रॉनिक्सचं एक उत्कृष्टता केंद्र आहे. त्याचं उद्घाटन झालं आहे. फीत कापली, फोटो निघाला आणि कुलूप लागलं, ते धूळ जाऊ नये म्हणून अजून तसंच आहे. काकांना तासभर दिला होता. दीपप्रज्वलन झालं, वाऱ्यानं दोनदा विझल्यामुळे तीनदा झालं. स्वागतगीत झालं. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय. परिचयात सरांनी काकांना 'गॅलियम क्षेत्रातील ज्येष्ठ नाव' म्हटलं आणि नाव वाचताना चुकवलं. काकांच्या वाट्याला नऊ मिनिटं आली. त्यांनी बैल सांगितले, खोंड सांगितलं, कासरा सांगितला. पोरं आधी हसली, मग पुढे सरकून बसली. पाठच्या बाकावरचेही मोबाइल खाली ठेवून ऐकत होते, हे मी स्वतः पाहिलं. तेवढ्यात एका सरांनी विचारलं, "पण याचं ॲप आहे का?"

काका थांबले. आभार मानणाऱ्या सरांनी ती संधी साधली आणि 'गॅलियम ही काळाची गरज आहे' असं सांगून चहा जाहीर केला. परत येताना ऑटोत मी म्हटलं, "काका, माफ करा."

"काहून? पोट्टे चांगले होते. चार-सात." मग शाल घडी करत म्हणाले, "त्या ॲपवाल्याले मात्र मी आकडा देऊ शकलो नाई. शून्याची सोय नाई आमच्यात."

आणि हे सगळं चालू असताना ट्रान्झिस्टर मरत होते. एक तारेवर कावळा बसला म्हणून, एक वीज गेली तेव्हा उणे आधी पडलं म्हणून, एक स्वतःच गुणगुणायला लागून तापून. प्रत्येक वेळी नवा बसायचा, साडेआठ वाजायचे, आणि अकोल्याहून गडगडाट यायचा, "दो-दो! अरे, और पतला हो गया!" काका हळूच यंत्र बंद करायचे. आधी प्लस, मग मायनस. मग कुठे चुकलं ते भिंगातून शोधत बसायचे.

अकरावा मी मारला.

त्या सकाळी काका अंघोळीत होते. साडेआठला पाच मिनिटं कमी होती. आतून आवाज आला, "बापा, यंत्र लावून ठेव!" माझी परीक्षा चालू होती, डोक्यात समीकरणं होती. माझा हात उजव्या बटणावर गेला. उजवं म्हणजे प्लस. पापड मोडावा एवढासा आवाज झाला आणि वास आला.

काका टॉवेलवरच बाहेर आले. त्यांनी वास घेतला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले.

"काका, माझं... मी..." माझा आवाज एक-एक आला असेल.

"थो शेवटचा होता," ते म्हणाले. "दुसरा याले महिना लागते."

"महिन्यानी बोला ना काका मग. एवढं काय?"

काका यंत्राकडे पाहत होते. "मले बशीरले एक गोष्ट सांगाची हाय," ते म्हणाले. "तशी सांगतली होती. सुमन गेली, त्याच्या पाचव्या दिवशी बसलो इथं. म्हटलं, बशीर, सुमन गेली. थो म्हने, आवाज पतला है, फिर से बोल. मले पुन्हा नाई बोलता आलं. म्हटलं, काई नाई, अकोल्याले ऊन किती हाय? थेही त्याले आलं नाई. मंग त्यानं आपल्याच मनानं नळीचं काईतरी सांगतलं, मी हो हो म्हटलं. तवापासून रोज हो हो करून राहिलो मी."

मी म्हटलं, "फोन करा."

"फोन थो घेत नाई, नातू घेते. नातवाले काय सांगू? आन आता कोन्या तोंडानं सांगू? म्हनीन न थो, रोज बोलत होता, आन इतके दिवस काहून नाई सांगतलं?" त्यांनी टॉवेलनं मान पुसली. "एकदा आवाज पाच-नऊ झाला न, की एका दमात सांगून टाकीन. 'फिर से बोल' म्हनाचं काम नाई पडलं पायजे. दुसऱ्यांदा नाई होत मह्यानं."

तेव्हा मला कळलं की मी नुसता ट्रान्झिस्टर मारला नव्हता. मी म्हटलं, "काका, जुनं सिलिकॉनचं यंत्र आहे ना? रविवारी तुम्ही त्याच्यावर बोला. मी अकोल्याला जातो. त्यांच्या रेडिओपाशी बसतो आणि तिथे काय पोचतं ते स्वतः पाहतो. दोष कळला की काम सोपं होईल."

"काई गरज नाई," काका म्हणाले. मग उठून आत जाता जाता, "पहाटे साडेपाचची गाडी हाय. आन आइक. सुमनचं तू नाई सांगाचं. थे मी सांगीन."

रविवारी आठ वाजता मी अकोट फैलात जिना चढत होतो. वर भांडण चाललं असावं असं मला वाटलं. मी दारातच थांबलो. भांडण नव्हतं. बशीरभाईंची सून, शबाना भाभी, त्यांना नाश्त्यात पोहे देऊ की अंडं, एवढंच विचारत होत्या. पण सगळ्या घराची पट्टी तीच होती. टीव्ही गरजत होता. बशीरभाई माझ्याकडे पाहून गरजले, "मोहोड का लडका?"

"भाडेकरू," मी म्हटलं.

"हाँ हाँ, लडका! बैठो!" पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड भिंग, आणि समोर ते यंत्र. नळ्या हळूहळू नारिंगी होत होत्या. "तेरे काका को समझा बेटे. ये तांदूल के दाने फेंक दे. आवाज में जान ही नहीं रही उसके."

साडेआठ वाजले. आणि स्पीकरमधून काका आले.

मी खोटं लिहीत नाही. कपाटावरचा स्टीलचा पेला थरथरला. खालच्या दुकानातून नातू ओरडला, "दादा, मोहोड चाचा आ गए!" काकांचा खोकला, मागे बडनेऱ्याच्या गाडीची शिट्टी, सगळं समोर बसल्यासारखं. तेही जुन्या सिलिकॉनवर, ज्याला काकांनी माळ्यावर टाकलं होतं. आणि बशीरभाई स्पीकरला कान चिकटवून, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "सुना? कितना पतला! जैसे कुएँ में से कोई बोल रहा है."

मी भाभींकडे पाहिलं. त्या माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. पहिल्यांदाच त्या हळू बोलल्या, आणि बशीरभाईंनी मान वळवली नाही. "डेढ साल हो गया, भैया. मानते ही नहीं. कहते हैं, दुनिया धीरे बोलने लगी है."

मी जिन्यात जाऊन काकांना फोन लावला.

"काका, पाच-नऊ."

"कोनाले?"

"मला. भाभींना. खाली दुकानात त्यांच्या नातवाला. फक्त त्यांना नाही. काका, तुमच्या यंत्रात काही बिघाड नव्हता. त्यांचे कान गेले."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कोनता?" काका म्हणाले.

"दोन्ही."

"मंग थो रोज बसून काय ऐकत होता?"

आत बशीरभाई अजून स्पीकरला कान लावून "बोल, मोहोड, बोल" म्हणत होते. मी दाराच्या फटीतून पाहत होतो. सुमनकाकूंची गोष्ट त्या घरातल्या बाकीच्या गोष्टींसारखी ओरडून सांगता आली असती. पोहे की अंडं, तशी. पण ती तशी सांगायची नव्हती, आणि मी तर सांगायचीच नव्हती.

"आइक," काका म्हणाले. "त्याच्या स्पीकरची जाळी काढ. आत काया कागदाचा पडदा रायते. त्याच्यावर बोट ठेवाले सांग त्याले. जुने मेकॅनिक तसंच पाह्यत होते, स्पीकर बोलते का नाई ते. मी बटनावर पाठवतो. कट्ट कडकट्ट. थे बोटाले येते."

ठिपक्यांची आणि रेघांची ती जुनी तारखात्याची लिपी मला येत नाही. मी वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहिलं: 'काका बटन से भेज रहे हैं. परदे पर उँगली रखिए.' बशीरभाईंनी ते भिंगाजवळ नेऊन वाचलं. भाभी पदराशी चाळा करत दुसरीकडे पाहत होत्या.

"मेरे कान ठीक हैं," बशीरभाई म्हणाले.

मी नुसतं पडद्याकडे बोट केलं. त्यांनी खिशातून पेचकस काढला, जाळीचे चार स्क्रू स्वतःच काढले, आणि उजव्या हाताची दोन बोटं पडद्यावर ठेवली. त्यांची बोटं जाड होती, कथलाच्या जुन्या डागांची. पण ती ठेवली अशी, जशी वैद्य नाडीवर ठेवतो.

बडनेऱ्याहून टिकटिक सुरू झाली. अगदी सावकाश. पहिल्या अक्षराला बशीरभाईंचा चेहरा बदलला. ते दुकानदाराच्या जुन्या सवयीनं अक्षरं मोठ्यानं बोलू लागले, आणि मी ती वहीच्या पानावर लिहू लागलो.

"एस. यू. एम." ते हसले. "साफ आ रहा है! ए. एन. सुमन! भाभी!" माझ्याकडे वळून ते आनंदानं ओरडले, "भाभी ने सलाम भेजा होगा!"

मी पानाकडे पाहत राहिलो.

"जी," बशीरभाई म्हणाले. "ई." मग, "एल." हा एल त्यांनी मोठ्यानं म्हटला नाही. मराठी त्यांना चांगली येते, अकोल्यात जन्म गेला आहे. शेवटचं अक्षर दोनच ठिपक्यांचं होतं. ते त्यांनी म्हटलंच नाही. नुसते ओठ हलले.

टिकटिक थांबली. शबाना भाभींनी येऊन माझ्या हातातलं पान वाचलं आणि टीव्ही बंद केला.

बशीरभाईंनी पुन्हा पाठव असं सांगितलं नाही. त्यांनी डाव्या हातानं आपलं पितळी बटण पुढे ओढलं, त्यावरची धूळ बाहीनं पुसली, आणि बराच वेळ काहीतरी पाठवत राहिले. त्यात काय होतं ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. उजवी बोटं त्यांनी पडद्यावरून उचलली नव्हती.

सुमनकाकूंना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. त्या गेल्याचं त्या सकाळी अकोल्याला कळलं.